ग्वाल्हेरच्या नौतप्यात कुंड्या आणि परसबाग कशी जगवावी

मे महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि ग्वाल्हेरमध्ये नौतपा, म्हणजे कडक उन्हाचा नऊ दिवसांचा काळ, सुरू होतो. नऊ दिवसांनी पंचांगातला नौतपा संपतो, उन्हाळा मात्र संपत नाही. महाराष्ट्रातील आपल्या आप्तांच्या बागा मृगाच्या आधी पुष्कळदा वळवाच्या पावसाने एकदोनदा भिजलेल्या असतात; आपल्याकडे वळवाच्या जागी धुळीची आंधी येते, मृग बहुधा कोरडा जातो आणि खरा पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उतरतो. हवामान खाते मैदानी भागात तापमान ४५ अंशांवर पोहोचले की उष्णतेची लाट आणि ४७ अंशांवर पोहोचले की तीव्र लाट मानते, आणि ग्वाल्हेरच्या लोकांना हे आकडे नवे नाहीत. म्हणूनच पुण्या-नाशिकच्या हवेसाठी लिहिलेले बागकामाचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ‘सकाळ-संध्याकाळ पाणी घालावे’ एवढ्यावर तिकडची तुळस तगते, इकडची तगत नाही.

लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवर मी सोळा उन्हाळे कुंड्या सांभाळल्या आहेत आणि खाली परसात एक लिंबू, एक कढीपत्ता आणि मोगऱ्याची दोन आळी आहेत. या अनुभवातून माझे ठाम मत असे झाले आहे की आपल्याकडे झाडे उन्हाने कमी आणि लूने व तापलेल्या फरशीने अधिक मरतात. लू, म्हणजे पश्चिमेकडून येणारी कोरडी हवा, पानांतले पाणी ओढून घेते आणि दगडी पट्ट्यांची गच्ची रात्री उशिरापर्यंत कुंडीच्या बुडाला शेक देत राहते. नुसती सावली करून आणि तांब्यातांब्याने पाणी घालून या दोहोंवर उपाय होत नाही. नौतप्यापासून खऱ्या पावसापर्यंतच्या या पाच आठवड्यांत झाड वाढवायचे नसते, ते तगवायचे असते, आणि पुढची सगळी कामे त्याच हिशेबाने सांगितली आहेत.

दुपारी मान टाकलेले झाड

पाणी घालायला शिकण्याआधी पाणी कधी घालू नये हे शिकावे लागते. दुपारी दोन-अडीचला जास्वंदाची, भोपळ्याची, वांग्याची पाने लोंबू लागतात. मुळांना पुरेशी ओल असली तरी पानांतून जितक्या वेगाने पाणी उडते तितक्या वेगाने मुळे ते वर चढवू शकत नाहीत, म्हणून पान स्वतःला आवरून घेते, आपली सूक्ष्म छिद्रे मिटते आणि उन्हाला कमी पृष्ठभाग देते.

आमच्या शेजारच्या आजी अशा वेळी भिंतीपलीकडून हाक मारीत, “अगं, तुझी जास्वंद बघ कशी मान टाकून उभी आहे, घाल की तिला तांब्याभर पाणी!” मी म्हणायची, “आजी, सात वाजेपर्यंत थांबू या. तेव्हाही तिने मान वर केली नाही तर घालीन.” सातला आजी पुन्हा भिंतीशी येत, आणि बहुतेक दिवशी जास्वंद सरळ उभी झालेली असे.

हीच कसोटी आपणही लावावी. दुपारी कोमेजलेले आणि संध्याकाळी उन्हे उतरल्यावर सावरलेले झाड निरोगी समजावे. संध्याकाळीही न सावरलेल्या झाडाच्या कुंडीत बोट दोन पेरे खोल घालून पाहावे: माती कोरडी लागली तर त्याच वेळी पाणी द्यावे, पण माती ओली असून झाड लोळलेले असेल तर पाणी अजिबात देऊ नये, कारण तिथे मुळे कुजत असण्याचा किंवा शेकली गेली असण्याचा संभव असतो. अशी कुंडी उचलून थेट सावलीत न्यावी. पहाटेही लोळलेले असेल ते झाड मात्र खरोखर संकटात आहे असे धरावे.

पाण्याची वेळ, पाण्याची ऊब आणि पाण्याची जात

पहाटे पाच ते साडेसहा ही मुख्य पाण्याची वेळ ठेवावी. तोपर्यंत गच्चीची फरशी जेमतेम निवलेली असते, हवा स्थिर असते आणि झाडाला ऊन चढण्याआधी पोटभर पाणी ओढून घ्यायला दोन-तीन तास मिळतात. दहा-बारा इंचांच्या कुंडीला दीड ते दोन लिटर आणि चौदा इंचांच्या कुंडीला सुमारे तीन लिटर पाणी लागते, परंतु मापापेक्षा खूण महत्त्वाची आहे: बुडाच्या छिद्रातून थोडे पाणी बाहेर येईपर्यंत घालावे आणि मग थांबावे. वरवर रोज थोडे पाणी दिल्यास मुळे ओल शोधत वरच्या दोन इंचांत येतात, आणि नेमका तोच थर सर्वांत आधी तापतो. लहान कुंड्यांना संध्याकाळी दुसरे पाणी द्यावेच लागते, मात्र ते सातनंतर, फरशीवर अनवाणी पाय टेकवता येऊ लागल्यावर द्यावे.

पाण्याची ऊब ही बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, आणि पहिल्या वर्षी माझ्याही आली नव्हती. जूनमधल्या एका संध्याकाळी पाच वाजता मी उन्हात पडलेल्या रबरी नळीने मोगऱ्याला पाणी घातले. नळीत दिवसभर तापलेले सात-आठ लिटर पाणी होते, ते हाताला चटका देईल इतके कढत होते, आणि ते सगळे मी थेट मुळांवर सोडले. तिसऱ्या दिवशी पाने कडेने तांबूस झाली, आठवडाभरात झाड वाळले आणि कुंडी उलटी करून पाहिली तेव्हा मुळांची बारीक पांढरी टोके काळपट आणि लिबलिबीत झालेली होती. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा आहे की नळीतले आधीचे पाणी बादलीत काढावे, मनगटावर धरून पाहावे आणि गार लागले तरच झाडाला द्यावे. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीचे पाणी संध्याकाळी तर वापरूच नये. दोन-तीन बादल्या रात्री भरून ठेवल्या की पहाटे त्या पुरेशा निवलेल्या असतात.

पाण्याची जात म्हणजे त्यातले क्षार. तिघरा धरणाचे नळाचे पाणी झाडांना मानवते, परंतु धरण खाली गेले की काही वर्षी ते एक दिवसाआड येते आणि बोअरच्या जड पाण्यावर वेळ भागवावी लागते. मातीच्या कुंडीबाहेर पांढरी पुटे दिसू लागली, पानांच्या कडा करपू लागल्या तर क्षार साचले असे समजावे आणि नळाचे पाणी येईल त्या दिवशी ती कुंडी एकदा भरपूर पाण्याने धुऊन निघू द्यावी. घरातले कोणते पाणी चालते याबद्दल मात्र पुष्कळ गैरसमज आहेत. कूलरच्या तळातले पाणी झाडांना घालणे मला काटकसरीचे वाटत असे, पण कूलर दिवसभर पाण्याची वाफ करतो आणि क्षार मागे ठेवतो, त्यामुळे तळातले पाणी मूळच्या पाण्याहून अधिक खारट झालेले असते. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही तसेच असते. ही दोन्ही पाणी फरशी धुण्यासाठी किंवा गच्ची निववण्यासाठी वापरावीत. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि ते झाडांना खुशाल द्यावे; डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणीही त्याच दिवशी दिल्यास उत्तम.

कधीकधी पाणी घालताच ते क्षणात बुडातून वाहून जाते आणि आपल्याला वाटते की कुंडी भिजली. वास्तविक माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) पूर्ण सुकले की आक्रसून कडेपासून सुटते, पाणी धरीनासे होते आणि सगळे पाणी त्या फटीतून निघून जाते. अशा कुंडीत स्वेटर विणायच्या जुन्या सुईने किंवा बांबूच्या काडीने आठ-दहा भोके पाडावीत, अर्धे पाणी घालावे, दहा मिनिटे थांबावे आणि मग उरलेले घालावे. कुंडी उचलण्याजोगी असेल तर ती पाण्याच्या टबात ठेवून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत बुडू द्यावी. पंधरा मिनिटांनी तिचे वजन हाताला कळण्याइतके वाढलेले असते.

परसातल्या झाडांचे गणित निराळे आहे. लिंबासारख्या मोठ्या झाडाला रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी तीस-चाळीस लिटर पाणी सावकाश मुरू द्यावे. ते बुंध्याशी ओतू नये. फांद्यांची टोके जिथवर पोहोचतात त्याच्या खाली गोल आळे करून त्यात सोडावे, कारण पाणी पिणारी बारीक मुळे तिथे असतात. पाण्यात अनियमितपणा झाला, म्हणजे दहा दिवस कोरडे ठेवून एकदम खूप दिले, तर लिंबे झाडावरच तडकतात.

माठ पुरण्याची जुनी युक्ती

परसातल्या वाफ्यासाठी मला सर्वांत भरवशाची वाटलेली सोय म्हणजे पुरलेला माठ. बिनझिलईचा पाच-सहा लिटरचा माठ गळ्यापर्यंत मातीत पुरावा, पाण्याने भरावा आणि तोंडावर पणती किंवा दगडाची चीप ठेवावी, म्हणजे डासही होत नाहीत आणि पाणीही उडत नाही. माठाच्या अंगातून पाणी झिरपत राहते. माती कोरडी असेल तर जास्त आणि ओली असेल तर कमी, म्हणजे झाड आपल्या गरजेपुरते घेते. भोवती एक-दीड फुटाच्या अंतरावर दोडका, वांगी, मिरची लावता येते, आणि माठ साधारण तीन-चार दिवसांनी भरावा लागतो.

एक चूक टाळावी. स्वयंपाकघरातला जुना माठ गार पाणी देईनासा झाला की तो बागेत नेऊन पुरावा असे पुष्कळांना सुचते. परंतु ज्या छिद्रांतून पाणी पाझरल्यामुळे माठ गार होतो तीच छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात, म्हणून गार न करणारा माठ जमिनीतही झिरपत नाही. यासाठी नवाच माठ घ्यावा.

आच्छादन

ओल दिली की ती झाकणे हे पुढचे काम, आणि ते पाण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या पट्ट्यात एप्रिलमध्ये गव्हाची कापणी आटोपते, तेव्हा भूसा सहज मिळतो. कडुनिंबाची वाळलेली पाने तर दारात पडलेलीच असतात. यांचा दोन ते तीन इंचांचा थर मातीवर पसरावा आणि बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. आपल्याकडे वाळवीचा उपद्रव मोठा आहे आणि नुसत्या भुशाखाली ती हमखास धरते, म्हणून मी निंबाची पाने खाली आणि भूसा वर असा थर देते आणि दर आठवड्याला एकदा हाताने उचकून पाहते. आंधीत भूसा उडून जाऊ नये म्हणून त्यावर पाण्याचा हबका मारून वर दोन-चार खापऱ्या ठेवाव्यात. आच्छादनाखाली हात घालून पाहिला तर दुपारी तीन वाजताही माती गारसर लागते; शेजारच्या उघड्या कुंडीतली माती त्याच वेळी बोट ठेववत नाही इतकी तापलेली असते.

सावली, वारा आणि कुंडीची जागा

हिरवी जाळी पन्नास टक्के सावलीची घ्यावी. पंचाहत्तर टक्क्यांची जाळी फर्न, मनीप्लांट आणि कोवळ्या रोपांसाठी ठीक असते, पण तिच्याखाली मोगरा फुलत नाही आणि भेंडी लांबट होते. जाळी झाडांच्या शेंड्यांपासून किमान दोन-तीन फूट उंच बांधावी, कारण शेंड्याला टेकलेल्या जाळीखाली हवा कोंडते. सुतळीवर विसंबू नये. संध्याकाळची आंधी एका झटक्यात सुतळी तोडते आणि जाळी कुंड्यांसह ओढून नेते. तार किंवा नायलॉनची दोरी वापरावी.

जाळी वरून झाकते, लू मात्र बाजूने येते. पश्चिमेकडे आडोसा केल्याशिवाय सावलीचा अर्धाच उपयोग होतो. जुन्या घरांत खिडक्यांना वाळ्याचे ताटे लावून त्यांवर पाणी शिंपडीत. त्याच तत्त्वाने गच्चीच्या पश्चिम बाजूला बांबूची चटई किंवा गोणपाट उभे बांधून दुपारी एकदोनदा भिजवावे. आईच्या जुन्या सुती नऊवारीचा पडदा मी कित्येक वर्षे वापरला. त्यातून वारा गाळून येतो आणि जाळीसारखा तो ताठ नसल्याने फाटतही नाही.

कुंड्यांची जागा बदलणे फुकटचे आहे आणि त्याचा गुण लगेच दिसतो. गच्चीच्या पश्चिमेकडील कठड्याच्या आतल्या बाजूला दुपारनंतर सावली पडते, म्हणून नाजूक कुंड्या तिथे, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून मांडाव्यात. पूर्वेकडचा कठडा याच्या उलट वागतो: सकाळी सावली देतो आणि दुपारी सगळे ऊन अंगावर घेऊन कुंड्यांवर परत टाकतो. कोणतीही कुंडी थेट फरशीवर नसावी. दोन विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवली की बुडाखालून हवा खेळते. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या सर्वांत लवकर तापतात; त्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरावी आणि ती वाळू ओली ठेवावी. कुंड्या दाटीने मांडल्या की एकमेकींच्या बाष्पाने त्यांच्याभोवतीची हवा थोडी दमट राहते. कणखर झाडे, म्हणजे बोगनवेल, कण्हेर, अडेनियम, या दाटीच्या पश्चिमेच्या कडेला आणि तुळस, पुदिना, फर्न मध्यभागी अशी रचना ठेवावी.

या दिवसांत हात आवरावा

खत घालू नये. विशेषतः मोहरीची पेंड आपल्याकडे मुबलक मिळते म्हणून ती उन्हाळ्यात घालण्याचा मोह होतो, पण कुजताना ती कुंडीत उष्णता निर्माण करते आणि आधीच त्रासलेली मुळे होरपळतात. छाटणीही करू नये. करपलेली वरची पाने कुरूप दिसली तरी खालच्या पानांवर तीच सावली धरतात. ती पावसानंतर काढावीत. कुंडी बदलणे आणि नर्सरीतून नवी रोपे आणणे हेही पहिल्या चांगल्या पावसापर्यंत थांबवावे. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र खुडत राहाव्यात, नाहीतर ती बी धरण्यात शक्ती खर्च करून वाळते.

किडींपैकी या कोरड्या हवेत लाल कोळी सर्वांत जास्त फोफावतो. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खालच्या बाजूला तलम जाळे दिसले की रोज पहाटे पानांच्या पाठीवर पाण्याचा जोराचा फवारा मारावा. पाच-सहा दिवसांत तो आटोक्यात येतो. निंबतेल फवारायचेच असेल तर सूर्य मावळल्यावर फवारावे, कारण उन्हात तेलामुळे पाने भाजतात.

टोमॅटोची फुले गळत असतील तर खत किंवा औषध शोधत बसू नये. तापमान पस्तिशीच्या वर गेले आणि रात्रीही निवेनाशा झाल्या की त्याचे परागकण निकामी होऊ लागतात आणि फळ धरत नाही. झाड जगवले तर पावसाळ्यात पुन्हा धरेल. भेंडी, गवार, चवळी, तांदुळजा ही भाजी या हवेतही पाणी मिळाले की हात आखडता घेत नाही. मोगरा तर याच दिवसांत भरभरून फुलतो. आमच्या दोन आळ्यांमधून रोज संध्याकाळी ओंजळभर कळ्या निघतात, आणि त्यांतल्या चार माठात टाकल्या की सगळ्या घराचे पाणी सुगंधी होते.

चार दिवस गावाला जायचे असेल तेव्हा

लग्नसराईत असे प्रसंग येतातच. सगळ्या कुंड्या खाली परसात, झाडाच्या किंवा उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत एकत्र कराव्यात. भरलेली बादली कुंड्यांपेक्षा थोडी उंच ठेवावी, जाड सुती दोरी आधी पूर्ण भिजवून तिचे एक टोक बादलीच्या तळापर्यंत आणि दुसरे कुंडीच्या मातीत तीन-चार इंच खोल खुपसावे. ही व्यवस्था निघण्याच्या दोन दिवस आधी लावून पाहावी, म्हणजे कोणती दोरी पाणी ओढत नाही ते आपल्यादेखत कळते. एखाद्या शेजाऱ्यांना किल्ली देता आली तर याहून चांगले. मात्र त्यांना गरम नळीची गोष्ट सांगितल्याशिवाय जाऊ नये.

बागेत काम करणाऱ्याची काळजी

सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत पश्चिमेचा आडोसा भिजवण्यापलीकडे गच्चीवर काम करू नये. डोक्याला ओला पंचा गुंडाळावा, वर जाण्याआधी पाणी किंवा कैरीचे पन्हे प्यावे आणि साठीपुढच्या माणसांनी एकट्याने वर जाऊ नये. कुणाचे अंग तापले, बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. त्या व्यक्तीला सावलीत आडवे करून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये. गच्चीच्या कोपऱ्यात पाखरांसाठी मातीचे पसरट भांडे सावलीत भरून ठेवावे आणि ते रोज घासावे.

पहिला पाऊस आल्यावर

पहिल्या सरीनंतर जाळी लगेच उतरवू नये. पाऊस थांबतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीसचे ऊन पडते आणि पाच आठवडे सावलीत राहिलेली पाने एका दुपारी करपतात; म्हणून जाळी आधी सकाळपुरती, मग दिवसभर अशी आठवड्यात हळूहळू काढावी. त्याच दिवसांत कुंड्यांखालच्या बशा उचलाव्यात, बुडाची छिद्रे काडीने मोकळी करावीत आणि आच्छादन बुंध्यापासून आणखी मागे सरकवावे, कारण आजवर जी ओल झाडाला वाचवीत होती तीच आता मुळे कुजवू शकते. माती दोन-तीन पावसांनी आतपर्यंत भिजून वाफसा आला आणि शेंड्याला नवी पोपटी पालवी दिसली की करपलेली पाने आणि वाळक्या काड्या छाटाव्यात, आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी प्रत्येक कुंडीला दोन मुठी कुजलेले शेणखत द्यावे.